रंगनाथ मिस्त्री आणि हरवलेला बॉयलर

"भाऊजी, हे उठंनात..."

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते आणि मी धाराशिवच्या घरात गॅसवर चहा ठेवून उभा होतो. त्या रडत नव्हत्या. डॉक्टरांना बोलावलं का, मी विचारलं. "येऊन गेले. म्हनले, पहाटंच कधीतरी..." मिळेल ती एसटी धरून भूमला पोचलो तर रंगनाथला ओसरीत आणून निजवलं होतं. चेहरा शांत होता. खुंटीला त्याची कापडी पिशवी तशीच भरलेली लटकत होती. धुतलेला सदरा, पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. त्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी रंगनाथ फिरतीवर जायचा. त्या भाकरींचं काय करायचं, हे घरातल्या कुणालाच कळेना.

त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. भूम-परंड्याकडं रंगनाथ मिस्त्री माहीत नाही असा खवाभट्टीवाला सापडायचा नाही. पण गेली तीन वर्षं तो दर रविवारी पिशवी घेऊन कुठं जात होता, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं ते हसायचे. मीही एकदोनदा हसलो आहे. आणि या सगळ्या प्रकरणात माझं एक वाक्य आहे, ते कुठंतरी सांगून टाकायला पाहिजे म्हणून लिहायला बसलो.

आम्ही एकाच गावचे. रंगनाथचं घर धनगराचं. वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ असायचे. पाठमोरे बसलेले असले तरी कळपातलं कुठलं मेंढरू खोकलं, कुठलं लंगडतंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, असं रंगनाथ सांगायचा. तोच कान त्याला मिळाला, फक्त तो मेंढरांकडं न लागता विहिरीवरच्या इंजिनांकडं लागला. तेव्हा आमच्याकडं वीज सगळ्या शिवारात पोचलेली नव्हती. ऑइल इंजिनं चालायची आणि दुपारभर माळावर त्यांची टुकटुक ऐकू यायची. बांधावर बसून रंगनाथ सांगायचा, "ह्ये आबाचं इंजन. ह्याचं नोजल गेलंय बग." आम्ही पैज लावून बघायला जायचो. तो क्वचितच चुकायचा.

आम्ही दोघं एकाच वर्षी आयटीआयला लागलो. मी फिटर, तो वेल्डर. पुढं मी तिथंच शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, म्हणून चिकटलो, म्हणून तो मला जन्मभर 'मास्तर' म्हणत राहिला. तो पुण्याकडं गेला. भोसरीत टाक्या बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपात त्याला काम मिळालं. चार वर्षांनी अचानक परत आला. आईला बरं नाही म्हणून आलो, असं गावात सांगितलं. खरं कारण मला कळायला पुढची दहा वर्षं गेली. एकदा बार्शीहून येताना एसटी बंद पडली, आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो होतो, तेव्हा तो आपणहून बोलला. वर्कशॉपात एका टाकीत हवा भरून चाचणी चालली होती. त्याचा परळीकडचा जोडीदार टाकीला कान लावून कुठं हवा सुटते का ते बघत होता. टाकी फुटली. "सकाळपासनं कुरकुरत हुती ती टाकी," रंगनाथ म्हणाला. "म्या ऐकलं हुतं, मास्तर. पण नवा हुतो. म्हनलं, मोठी मानसं हायेत, त्येंना कळत आसंल. बोललो न्हाय..." नंतर एसटी सुरू झाली आणि त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

भूममध्ये परंडा रस्त्याला त्याने पत्र्याचं वर्कशॉप टाकलं. नांगर, ट्रॉल्या, गेट, ग्रिल अशी कामं. पण त्याचं नाव झालं ते खव्याच्या यंत्रामुळं. आमच्याकडचा खवा दूर दूर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. तो कसा व्हायचा हे मात्र भट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कढईत दूध, खाली जळण, आणि दूध आटून गोळा होईपर्यंत उलथणं हलवत राहायचं. हात थांबला की दूध खाली लागलं. सुमनवहिनींचे हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले होते, डोळे धुरानं कायम लाल. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रंगनाथनं ते हात पाहिले आणि कामाला लागला. कढई फिरती केली, उलथणं जागेवर ठेवलं, वर जुनी मोटार बसवली. पहिल्या यंत्रातल्या खव्याला ग्रीसचा वास आला, तो अख्खा घाणा कुत्र्यांनीही खाल्ला नाही. दुसऱ्या यंत्राची कढई एवढ्या जोरात फिरली की दूध भिंतीवर. तिसरं चाललं. पुढच्या काही वर्षांत आसपासच्या गावांतून तशी यंत्रं दिसायला लागली, काही त्याने केलेली, बरीचशी त्याची बघून दुसऱ्यांनी केलेली. त्याची त्याला कधी तक्रार नव्हती. "बायांचे हात वाचले न्हवं?" एवढंच म्हणायचा.

मग वाफेचे दिवस आले. जळण महाग झालं, धुराचा त्रास वाढला, आणि मोठ्या प्रमाणावर खवा करायचा तर वाफेवरच्या कढया बऱ्या, असं लोक म्हणायला लागले. आमच्याकडं दूध संकलनाचा धंदा असलेले एक शेठ होते. ते हयात आहेत म्हणून नाव लिहीत नाही. त्यांनी सोलापूरकडच्या कुठल्यातरी बंद पडलेल्या कापडाच्या रंगखान्यातून एक जुना उभा बॉयलर आणला. उभा बॉयलर म्हणजे माणसाहून हातभर उंच जाड लोखंडी पिंप. आत तळाला चूल, चुलीभोवती आणि वर पाणी. पाण्याची वाफ होते, तिला जेवढी वाट देऊ तेवढी ती काम करते. वाट कमी पडली की दाब वाढतो, आणि तो सगळा दाब त्या पिंपाच्या पत्र्यानं सोसायचा असतो. शेठनी रंगनाथला बोलावलं. त्याने छोटी हातोडी घेऊन सगळ्या अंगानं ठोकून बघितलं. वर खणखणीत आवाज येत होता. तळाकडं, जिथं पाण्यातला गाळ बसून राहतो तिथं, आवाज बद्द यायला लागला. "शेठ, ह्यो पेटवू नका," तो म्हणाला. "पत्रा आतनं खाल्लाय." शेठनी कागद दाखवले, बॉयलर आणायला लागलेला खटाटोप सांगितला, आणि तेवढ्या जागेला ठिगळ लावून दे म्हणाले.

बॉयलरला वेल्डिंग करायचं तर वेल्डरकडं त्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि आधी परवानगी घ्यावी लागते. रंगनाथकडं ते प्रमाणपत्र नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी ते वर्गात शिकवत होतो. तो माझ्याकडं आला, चहा घेत बसला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू?" मी म्हणालो, "अरे, तू नाही केलंस तर शेठ बार्शीहून दुसरा कुणीतरी आणतील. तो कसा करील कुणास ठाऊक. तू केलंस तर निदान नीट तरी होईल." हेच ते वाक्य. हजार माणसं हजार वेळा बोलतात तसलं. बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आपण शहाणपणाचं बोललो असं वाटलं. रंगनाथनं कप खाली ठेवला. "तू सांगतुस म्हनून करतो," म्हणाला.

ठिगळ त्याने फार सुरेख लावलं, मी बघून आलो होतो. वहीच्या पानाएवढं, आणि कोपरे गोल केलेले, कारण टोकदार कोपऱ्यापासून तडा सुरू होतो. वेल्डिंगची ओळ अशी की वर बोट फिरवलं तर गाठ लागू नये. त्याने शेठना अटी घातल्या. दाबाच्या घड्याळातला काटा तीन किलोच्या वर न्यायचा नाही. बोअरचं क्षाराचं पाणी घालायचं नाही. आणि सेफ्टी वॉल्वला हात लावायचा नाही. त्या बॉयलरचा वॉल्व जुन्या धाटणीचा होता, आडवी दांडी आणि दांडीला लटकवलेलं वजन. दाब ठरल्यापेक्षा वाढला की वाफ ते वजन उचलते आणि सुं करत बाहेर पडते. शेड त्याच्या वर्कशॉपच्या वाटेवरच होती. येता-जाता दिवसातून दोनतीनदा तो आवाज कानावर यायचा. रंगनाथ म्हणायचा, तो आवाज आला की मला भूक लागते.

वर्षभर सगळं ठीक चाललं. नवरात्र जवळ आलं, तुळजापूरला पेढ्यांची मागणी वाढली आणि शेडमध्ये कढया दिवसभर चालू राहिल्या. एके दिवशी दुपारी रंगनाथ मोटारसायकलवरून जात होता. बाजारचा दिवस, रस्त्यावर गर्दी. शेडच्या धुराड्यातून काळा धूर निघत होता. नेहमीपेक्षा मोठी आग होती. आणि वॉल्वचा आवाज नव्हता. तो पुढं गेला, थांबला, गाडी वळवून परत आला. पाच मिनिटं गेटबाहेर उभा राहिला. धूर तसाच, आवाज नाही.

आत सहा बाया कढयांवर होत्या. रंगनाथ आधी बॉयलरकडं गेला. दाबाच्या घड्याळातला काटा सहाच्या पुढं होता. वॉल्वच्या दांडीला मूळच्या वजनाशेजारी, तागडीतलं पाच किलोचं माप तारेनं बांधून लटकवलेलं होतं. "उठा," तो बायांना म्हणाला. "हाये तसं सोडा आन् भायेर जावा." त्यातली छबूबाई वयानं मोठी, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "दूध लागंल की वो खाली, मिस्त्री!" रंगनाथ कुणावर ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो ओरडला. "लागू द्या! जळू द्या! पळा म्हनतो न्हवं!" बाया पदर सावरत रस्त्यापलीकडं गेल्या. मग तो एकटा आत राहिला. माप एकदम काढता येत नव्हतं, साठलेला दाब एका झटक्यात सुटला असता तर त्या धक्क्यानंच पत्रा गेला असता. त्याने चुलीतली आग फावड्यानं बाहेर ओढली, दार बंद केलं, आणि काटा खाली यायची वाट बघत तिथंच थांबला. तू तरी बाहेर का नाही गेलास, मी नंतर विचारलं. "मी गेलो आसतो तर कुणीतरी आत आलं आसतं," तो म्हणाला. "पत्रा टिक टिक वाजत हुता, मास्तर. मी त्येच्यासंगं बोलत हुतो. म्हनलं, थांब जरा... थांब..." काटा तीनवर यायला तासाहून जास्त वेळ लागला. मग त्याने माप सोडलं, आणि ते हातात घेऊन बाहेर आला तेव्हा शेठ दारात उभे होते.

काहीच झालं नव्हतं. तीच तर अडचण होती. कढयांतलं सगळं दूध जळालं होतं, सणाच्या तोंडावर माल बुडाला होता, आणि बॉयलर जागच्या जागी धडधाकट उभा होता. "काय फुटलं? दाखव की," शेठ म्हणाले. रंगनाथकडं दाखवायला काही नव्हतं. बायांना आठवडाभर काम मिळालं नाही. छबूबाई वर्कशॉपवर येऊन बोलून गेली, "तुमच्या पायी आमची हजरी बुडली, मिस्त्री. सनाचे दिस हायेत, कळतंय का?" हॉटेलात लोक थट्टा करायला लागले. "मिस्त्री, आमची किटली बगा बरं, फुटंल का?" रंगनाथ चहा घ्यायचा आणि उठायचा. आठवड्यानं शेडचं धुराडं पुन्हा सुरू झालं. वॉल्वचा आवाज कधी यायचा, कधी यायचा नाही. रंगनाथनं वर्कशॉपला जायचा रस्ता बदलला. तरी वाऱ्याची दिशा बदलली की तो हातातलं काम थांबवून मान वळवायचा, हे वहिनींनी मला सांगितलं.

महिन्यानं तो माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला आला. बॉयलर तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला द्यायचा अर्ज. पहिलंच वाक्य त्याने सांगितलं ते असं, की मी रंगनाथ अमुक अमुक, मी परवाना नसताना या बॉयलरला ठिगळ लावलेलं आहे. मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, "तुझं नाव कशाला? नुसतं धोकादायक आहे म्हणून कळव. तुझ्यावरच कारवाई होईल." तो म्हणाला, "माझं नाव न्हाय घातलं तर ठिगळाची गोष्ट कशी सांगायची?" मी लिहिलं. सगळं लिहिलं, तारखा, दाब, वॉल्वला बांधलेलं माप. माझ्या घरात बसून चहा घेताना मी त्याला जे सांगितलं होतं ते तेवढं त्यात नव्हतं. ते घाल असं तो म्हणाला नाही... आणि मीही आपणहून घातलं नाही.

अर्ज टाकला आणि त्याच संध्याकाळी रंगनाथ त्याची नक्कल घेऊन शेठकडं गेला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी डोक्यावर हात मारून घेतला. "मागनं करायचं बरं न्हाय," तो म्हणाला. "त्येंच्या मीठभाकरीला मी हुतो. तोंडावर सांगितलं. त्येंनी चहा पाजला." आठव्या दिवशी अधिकारी आले. चांगले, नेमस्त गृहस्थ होते. त्यांच्यामागं रंगनाथ, रंगनाथच्या मागं मी. शेठनी शेडचं कुलूप काढून दार सताड उघडलं. आत नवा चुना मारलेला होता. मधोमध काँक्रीटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट. "बॉयलर हुता," शेठ म्हणाले, "भंगारात घातला. जुना झाल्ता." कुणाला दिला, ते त्यांना आठवत नव्हतं. रस्त्यावरून जाणारा कुणी भंगारवाला होता म्हणाले. रंगनाथ म्हणाला, "साहेब, मी बेकायदा वेल्डिंग केलंय. ते तरी लिहून घ्या." "कशावर केलंत, मिस्त्री?" अधिकाऱ्यांनी हळू विचारलं. रंगनाथनं त्या चार बोल्टांकडं बोट केलं. आपला गुन्हा कबूल करायलाही काहीतरी दाखवावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

त्याच्या पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा बाहेर पडला. आधी बार्शीचे भंगारवाले झाले, मग सोलापूरचे, मग लातूर, उमरगा, मुरुम. बॉयलर भंगारात गेला असता तर गॅसनं कापून तुकडे झाले असते, आणि एवढा जाड पत्रा कापल्याचं भंगारवाल्यांच्या लक्षात राहतं. कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे कापला नाही. म्हणजे अख्खाच विकला. रंगनाथ प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचा, उभा बॉयलर, तळाच्या अंगाला वहीच्या पानाएवढं ठिगळ, कोपरे गोल. दिसला तर पेटवू नका, मला फोन करा. हॉटेलांच्या भिंतीवर, गॅरेजच्या दारावर, जिथं लिहू देतील तिथं खडूनं नंबर लिहून यायचा.

एकदा मी त्याच्याबरोबर उमरग्याला गेलो होतो. हायवेच्या कडेला चहा पीत बसलो होतो, समोरून हैदराबादकडचे ट्रक चालले होते, आणि दूर कुठंतरी एक धुराडं दिसत होतं. रंगनाथची नजर त्याच्यावर. ती वीटभट्टी निघाली. मी म्हणालो, "सोड आता. कधीच वितळून गेला असेल तो." "आसंल," तो म्हणाला. "तसं कुणीतरी मला दाखवावं." मग म्हणाला, "जेवताना घास घेतला की वाटतं, आत्ता कुठंतरी त्यो पेटलेला आसंल. तिथली मानसं जेवाय बसली आसतील, त्येच्या उबंला. त्येंना कुणी सांगितलं नसंल..." चहा गार झाला होता. मी घड्याळ बघितलं, परतीची एसटी चुकेल म्हणालो. त्याच्याबरोबर मी पुन्हा गेलो नाही. दर वेळी काही ना काही कारण निघायचं, आणि तो आग्रह करणारा नव्हता.

वर्कशॉपचं काम कमी होत गेलं. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या डोक्यावर परिणाम झालाय. वहिनी शनिवारी भाकरी बांधून द्यायच्या, एका शब्दानं बोलायच्या नाहीत. एकदा मात्र मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यो बॉयलर आमच्या घरातच हाये. ह्येंच्या उशाला." त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी तो गेला, झोपेतच. तेराव्याला छबूबाई आली होती. वहिनींजवळ बसली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "गुर्जी, त्या दिवशी खरंच फुटनार हुता का वो?"

तेराव्यानंतर तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. रंगनाथच्या मोबाइलवर मुरुमकडच्या एका माणसाचा फोन आला होता. तो मिस्त्रींना विचारत होता, वहिनींनी त्याला माझा नंबर दिला. पाच मिनिटांत त्याचा मला फोन आला. इरण्णा नाव. शेतकरी, बोलण्यात कानडी हेल. मुरुमच्या स्टँडसमोर एका हॉटेलात मागं कधीतरी रंगनाथशी त्याची गाठ पडली होती. त्याच्या शेतात हळद शिजवायला ट्रॉलीवरचा बॉयलर आला होता. असे बॉयलर ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात जात असतात. म्हणूनच तो रंगनाथला एका जागी कधी सापडला नव्हता. "रंग निघाल्याय खालनं," इरण्णा म्हणाला. "आत चौकोन दिसतंय बगा. कोपरे गोल हायेत. काल धरनं बगायलोय. ते मिस्त्री सांगितलं हुतं तसंच हाय." पेटलेला आहे का, मी विचारलं. "पेटलाय की. बाया हळद भरायल्यात." मी म्हणालो, "बायांना लांब काढा. आग ओढून बाहेर काढा. पाणी मारू नका, वॉल्वला हात लावू नका, आपोआप गार होऊ द्या. तोवर कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. मी निघालोच."

तुळजापूर, नळदुर्ग करत मी दुपारी पोचलो. रस्ताभर मोबाइल हातात धरून होतो, आणि तो वाजू नये असं वाटत होतं. शेतात चिंचेखाली सातआठ बाया बसलेल्या होत्या, हात हळदीनं पिवळे. बॉयलर गार झाला होता. त्याला हिरवा रंग दिला होता, पण धुराड्याजवळची आणि तळाची ठेवण मी ओळखली. ट्रॉलीवाला चाळिशीचा माणूस, रागानं लाल झालेला. त्याचीही चूक नव्हती, त्याने तो तिसऱ्या हातानं घेतला होता. "दोन हंगाम चालवतोय मी ह्याला. आज सकाळी पाच किलोवर हुता. काय झालंय?" मी वाकून ठिगळावर बोट फिरवलं. कुठं गाठ नव्हती, कुठं तडा नव्हता. रंगनाथचं काम जसंच्या तसं होतं. मी म्हणालो, "ठिगळ चांगलं आहे. त्याच्या शेजारी बघा." ठिगळाच्या खालच्या बाजूला रंगाचा फुगा आला होता. ट्रॉलीवाल्यानं खिशातला पेचकस काढला आणि मला खोटं पाडायच्या ईर्ष्येनं तो फुगा खरवडायला लागला. रंग निघाला, त्याखालचा गंज निघाला, आणि त्याने जरा जोर दिला तसा पेचकस आत गेला. मुठीपर्यंत. त्याने तो बाहेर ओढला तेव्हा त्या भोकातून गंजाचं लाल पाणी बारीक धारेनं त्याच्या चपलेवर पडायला लागलं.

तो हलला नाही. पाय मागं घ्यायचंही त्याला सुचलं नाही. बाया एकेक करून चिंचेखालून उठून आल्या आणि थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "आमच्या आन् वाफंच्या मदी येवढंच हुतं व्हय?" मग ट्रॉलीवाला चाकाला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कार्यालयाला मी तिथूनच कळवलं. या वेळी अर्जात पहिलं नाव माझं घातलं आणि माझ्या घरी चहा घेताना मी काय बोललो होतो तेही लिहिलं. तेच अधिकारी आले. त्यांच्या समक्ष बॉयलर कापला गेला. तुकडे वेगळे होईपर्यंत मी तिथं उभा होतो.

भूमला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधेच उठून आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. रंगनाथचा मोबाइल त्यांच्या हातात होता. मी म्हणालो, आता हा बंद करायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, "नगं. किती भिंतींवर लिवलंय त्येंनी, कुणास ठावं." आणि चार्जरला लावून ठेवला.

त्यानंतर त्या मोबाइलवर आणखी दोन फोन आले. एक लातूरच्या बाजूचा, एक सीमेपलीकडचा, कर्नाटकातला. दोघांकडंही जुना बॉयलर, दोघांकडंही तळाला ठिगळ. वहिनींनी माझा नंबर दिला. रंगनाथचा बॉयलर तर माझ्यासमोर कापला गेला होता, तेव्हा ही ठिगळं त्याची नव्हती. कुणाची होती ते तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी दोघांनाही आग बाहेर ओढायला सांगितलं आणि एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.